एकोणचाळीसचा पाय

कुत्र्याला नाव द्यायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम. कानात आकडा गोंदलेला असतो, त्यानेच हाक मारायची. एकोणचाळीस माझ्या रांगेतली. तेरा महिने रोज सकाळी मी तिच्या घशात नळी घालून औषध उतरवलं आणि रोज ती शेपूट हलवतच पिंजऱ्याबाहेर आली. लोक याला विश्वास म्हणतात. मला लाज वाटायची.

औषध सांधेदुखीचं. माझी बायको असल्याच गोळ्यांवर उभी राहते, त्यामुळे मला तोंड वर करून बोलायची सोय नाही.

मध्यंतरी एका सकाळी एकोणचाळीसचा घसा सोलवटलेला दिसला. घसा लिहिला असता तर नळी घालणाऱ्याचा हात तपासला असता, म्हणजे माझाच. मी वहीत लिहिलं, 'मागचा डावा पाय लंगडते.' पाय ठणठणीत होता. पण लंगडणाऱ्या जनावराला दोन दिवस सुट्टी मिळते. आमच्यातले सगळेच कधी ना कधी असं लिहितात. कबूल कोणी करत नाही.

परवा प्रयोग संपला. बारापैकी धडधाकट कुत्री लोकांच्या घरी द्यायची, बाकीची टेबलावर, शेवटच्या सुईला. एकोणचाळीस मी मागून ठेवली होती. बायकोने जुनी चादर घडी करून दाराशी टाकलीसुद्धा होती. यादी लागली, त्यात एकोणचाळीस नाही.

डॉक्टर मॅडमकडे गेलो.

"काका, पाय अधू आहे तिचा. तुमचंच अक्षर आहे."

"पाय बरा आहे. चालवून दाखवतो."

"एकदा वहीत आलं की आलं. नियम मी केलेले नाहीत."

"मॅडम, ते मी खोटं लिहिलं होतं."

त्यांनी उठून दार लावलं. मुलीच्या वयाची बाई, पण डोळ्यांखाली माझ्याइतकीच काळी वर्तुळं.

"हे मी ऐकलं, तर तुमची नोकरी जाईल. ती गेली खड्ड्यात. पण वही खोटी म्हटल्यावर तेरा महिने कचऱ्यात. मग पहिल्यापासून. नवीन बारा कुत्री. बोला काका, ऐकू की नको?"

नवीन बारा. एकीला घरी न्यायचं, तर बारांच्या घशात नळ्या.

"नका ऐकू," मी म्हणालो.

"धरायला दुसऱ्या कोणाला सांगू?"

"दुसऱ्याच्या हातात ती थरथरते."

मीच धरली. टेबलावर ठेवली तशी तिने सवयीने तोंड उघडलं. नळीसाठी. मॅडमनी सुई पायात दिली. त्याच पायात.

घरी आलो. बायको गुडघ्यावर हात टेकत दाराशी आली, माझ्या मागे रस्त्यावर बघायला लागली.

"कुठंय ती?"

"नाही मिळाली. पाय अधू निघाला."

"अगं बाई! मग काय झालं? या घरात कोणाचे पाय धड आहेत?"