सोनेरी मिशीची माशी

दरोडेखोर माशी ओळखायला फार अक्कल लागत नाही. दोन डोळ्यांमध्ये खळगा, तोंडावर राठ केसांची मिशी, काटेरी पाय आणि खाली सुईसारखी सोंड. उडत्या किड्याला पकडायचं, सोंड खुपसायची आणि आतून शोषून घ्यायचं. फिलिपिन्समधल्या आमच्या मिंदोरो बेटावरच्या कीटक-संग्रहालयाचे प्रमुख डॉक्टर मकाराएग यांना मी याच जातीत घालते. फक्त त्यांना मिशी नाही.

निवृत्तीआधी एका तरी माशीला आपलं नाव मिळावं, ही त्यांची तहान. स्वतःचं नाव स्वतःच देणं आमच्या धंद्यात निर्लज्जपणा समजतात. ते दुसऱ्याने द्यावं लागतं. म्हणून त्यांनी टाचणीला टोचलेली एक माशी माझ्यापुढे ठेवली. माझी नोकरी कंत्राटी, जूनमध्ये संपणारी.

"बघ अमिहान, अंग इथल्या साध्या माशीचं, पण मिशी सोनेरी. नवी जात! तूच नाव दे."

मी ती भिंगाखाली धरली. पंखांच्या शिरा, पायांचे काटे, सगळं आमच्या पांढऱ्या मिशीवालीचं. मानेपाशी मात्र डिंक चमकत होता. दमट हवेत वाळक्या माश्यांची मुंडकी गळतात, आम्ही ती चिकटवतो. हे मुंडकं पलावान बेटावरच्या सोनेरी मिशीवालीचं होतं.

"सर, धड एकीचं आणि डोकं दुसरीचं आहे."

"एवढ्या जवळून कोण बघतंय?"

"मी बघितलं ना."

"मग नको बघूस. जून जवळ आलाय, पोरी."

मला किळस आली. मी नकार दिला. शेजारच्या टेबलावरच्या मारिबेलने दुपारच्या आत होकार दिला. माशीला सरांचं नाव मिळालं, मारिबेलला कायमची नोकरी. सरांनी सगळ्यांना पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, खिलवल्या.

"खा गं," माझ्या बशीत शेवया वाढत मारिबेल म्हणाली, "तत्त्वांनी पोट भरतं होय?"

मी खाल्लं. भूक लागली होती, आणि त्याचाच जास्त राग आला.

जूनमध्ये सरांनी बोलावलं. मला वाटलं, नारळ मिळणार.

"काढत नाही तुला," ते गोड हसले. "एकाच नमुन्यावर लोक शंका घेतात. तुझी नजर तीक्ष्ण. जाळी घे, डोंगरावर जा, माझ्या माशीसारखी दुसरी शोधून आण. मिळाली की तूही कायम."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर तुला काम येत नाही, असं लिहावं लागेल."

आता मी रोज डोंगर चढते. वरच्या वस्तीतल्या बायका विचारतात, "काय शोधतेस गं एवढं?"

"माशी."

"मिळाली?"

"नाही."

त्या खो खो हसतात. मीही हसते. मग पुढच्या वळणावर एकटीच बसून रडते, कारण ती माशी नाहीच, हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नाही.