वाचताना लागलेली डुलकी

भंते धम्मानंदांचं पत्र गेल्या आषाढात आलं होतं. अमृतरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. कनेरगाव नाक्याच्या त्यांच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासात दर रविवारी ग्रंथवाचन होई आणि ते अमृतराव करत. ‘यंदाही तुम्हीच वाचावं, लोकांना तुमच्या आवाजाची सवय आहे,’ एवढंच धम्मानंदांनी लिहिलं होतं. आदल्या वर्षी भरल्या सभेत वाचता वाचता अमृतरावांना डुलकी लागली होती. चष्मा घसरून ग्रंथावर पडला होता. कुणी हसलं नाही, हे त्यांना जास्त लागलं. त्या प्रसंगाचा पत्रात शब्दही नव्हता. उत्तर आलं नाही, म्हणून विहारात मोबाइलवर कुणा अनोळखी माणसाचं वाचन लावलं गेलं. हेही अमृतरावांच्या कानावर आलं होतं.

हिंगोलीच्या ग्रंथालयात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचा समज असा, की झोप वाचकासारखी असते. कधी येईल सांगता येत नाही, आपण टेबलाशी हजर असावं. म्हणून ते दिवेलागणीलाच पलंगावर पडत. झोप फिरकत नसे. मग उशाशी ठेवलेली पुस्तकं उघडत आणि पहाट होई. दुपारी भरपाई म्हणून पंख्याखाली ताणून देत. उठले की कडक चहा.

यंदा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांच्या पत्नी सोजराबाई त्यांना डॉक्टर पल्लवीकडे घेऊन गेल्या.

“घोरता का, काका? झोपेत श्वास अडकतो का?”

“घोरायला झोपाया तर पायजे!” सोजराबाईच बोलल्या.

सगळं ऐकून पल्लवी म्हणाली, “पलंगावर पडून वाट बघता, म्हणून पलंगावर जागायचीच सवय लागलीय. डोळे मिटायला लागले तरच आडवं व्हायचं. झोप येईना, तर उठून खुर्चीत बसायचं. सकाळी मात्र रोज ठरल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. उशाशी ठेवलेली पुस्तकं हलवा. दुपारनंतर चहा नाही, दुपारी झोप नाही.”

“दुपारी थोडीशी...”

“दुपारीच पोट भरलं, तर रात्री भूक कशी लागेल?”

उन्हाळ्यात अख्खी गल्ली दुपारी झोपलेली असे. घरी यांचा डोळा लागणारच, म्हणून सोजराबाईंनी त्यांना चाँद पाशांकडे धाडलं. चाँद पाशा हळदीचे व्यापारी, शाळेपासूनचे दोस्त. त्यांच्या आवारात शिजवलेली हळद उन्हात पसरलेली असे आणि शेडखाली बायका हळकुंडं निवडत.

“आओ, लायब्ररीवाले! भाभींचा हुकूम हाय. तुमचा डोळा लागला की तोंडावर पाणी मारायचं.”

“काहून त्रास देता, पाशा?”

“त्रास? दोस्ती म्हणते याला!”

पहिले काही आठवडे फार वाईट गेले. डोकं दिवसभर जड असे. आपल्याच्यानं काही धड होत नाही, या जुन्या खात्रीला जोरच आला. “हे मला जमायचं नाही,” ते रोज सकाळी म्हणत. “नका जमवू. पर उठा,” सोजराबाई म्हणत.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, “रात्री मांजरानं भांडी पाडली. तुमाला कळलं बी न्हाई!”

अमृतरावांचा विश्वास बसला नाही. पण पुढच्या रात्रींनाही तशीच गाढ झोप लागत गेली.

अशात एका दुपारी, जेवणं होऊन सगळे सुस्तावलेले असताना, हळद निवडणारी शिला म्हणाली, “काका, नुसते बसून राहिले. काही वाचून तरी दाखवा.”

 हीच ती डुलकीची वेळ. इथे डोळा लागला, तर विहार कायमचा सुटला. त्यांनी पिशवीतलं पुस्तक काढलं. पहिल्या पानावर आवाज कापत होता. दुसऱ्यावर तो जागेवर आला. चष्मा आता घसरेल, मग घसरेल, असं वाटत असतानाच प्रकरण संपलं.

मान वर केली, तर बायकांचे हात थांबले होते. मागे पोत्यांना टेकून, तोंड उघडं टाकून चाँद पाशा घोरत होते.

“पाणी मारू का?” अमृतरावांनी विचारलं.

शेडभर हसू फुटलं. पाशा दचकून उठले. “मी ऐकून राहिलो होतो!”

“मग शेवटी काय झालं, सांगा की!” शिला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतराव पोस्टकार्ड घेऊन बसले. ‘उत्तराला वर्ष लागलं, माफ करा. त्या दिवशीच्या डुलकीची लाज वाटत होती. आता रात्री झोपतो. जिथे थांबलो होतो, त्याच पानापासून यंदा वाचायचा प्रयत्न करीन.’

शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग ‘वाचायचा प्रयत्न करीन’ खोडून ‘वाचीन’ लिहिलं, ताठ चालत टपालपेटीपर्यंत गेले आणि कार्ड आत टाकलं.