एकेचाळिसावा कर्णा

"ह्यॅ! पत्रा न कापता चाळीस कर्णे केले?" कर्ण्यांच्या कारखान्यातल्या पीरसाब मिस्त्रीनं नाक मुरडलं. "आकडं ठोकून आवाज निघतो व्हय?"

"नुसता हिशेब, चाचा," दाक्षायणी म्हणाली. कारखान्याचे मालक चनमल्लप्पांची ही पुतणी पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होती. कॉलेजच्या कॉम्प्युटरला ती लाउडस्पीकरच्या कर्ण्याची मापं द्यायची. आवाज कसा निघेल ते तो आकड्यांत सांगायचा. चाळीसदा फसून एकेचाळिसावं माप जमलं होतं.

पोरीचं मन मोडवेना, म्हणून पीरसाबनं कागदाबरहुकूम पत्रा ठोकला. चार दिवस मोडले. पाचव्या दिवशी कर्णा गच्चीवर बांधून दाक्षायणी माईकवर भाज्यांची नावं वाचू लागली, आणि पीरसाब गावातल्या शुक्रवार पेठेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. एरवी तिथं नुसता गोंगाट पोचायचा. आज मेथी वेगळी ऐकू आली, शेपू वेगळा. वीस वर्षं आपण लोकांचे कान किटवले, या विचारानं तो ओशाळला. आणि गंमत म्हणजे खूशही झाला.

"मालक, माझा कर्णा मोडीत घाला. आता ह्योच करायचा."

"एकाला चार दिवस? खुळा का काय तू? जुनाच ठोक की. वर चिठ्ठी डकव, 'कॉम्प्युटरवर आखलेला' म्हणून."

"काका, ही शुद्ध लबाडी आहे!"

"तू अभ्यास कर," काका पान जमवत म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली.

चिठ्ठ्यांना खळ लावताना पीरसाबला शिसारी यायची. मालकाची यायचीच, पण त्याहून जास्त स्वतःची. घरची चूल या नोकरीवर पेटत होती, म्हणून तो डकवत राहिला.

मग मोहोळचा मंडपवाला कुंडलिक आठ कर्णे न्यायला आला. "मिस्त्री, ह्यातनं लांबवर शब्द कळत्यात म्हनं?"

"कळतात की! सांग रे पीरसाब," चनमल्लप्पा म्हणाले.

"न्हाय," पीरसाब म्हणाला. "ह्यो जुनाच हाय, माझाच. लांबून निस्ता कालवा ऐकू येतोय."

चनमल्लप्पांचा चेहरा लालबुंद झाला. "उद्यापासून येऊ नकोस!"

पीरसाबनं मान हलवली. फडकं भिजवून त्यानं आठही कर्ण्यांवरच्या चिठ्ठ्या एकेक करून खरवडल्या, पत्रा कोरडा पुसला, आणि मगच आपली ठोकायची लाकडी मोगरी पिशवीत घातली.