हातावरचा ब्रेक

धनाजीरावांनी तार ताणून नट आवळला आणि ते गाडीखालून बाहेर सरकले.

"दाबा आता."

हंबीररावांनी गियरशेजारी बसवलेला नवा दांडा डाव्या हाताने दाबला. खाली क्लच सुटला. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. साखरेच्या आजारात टाचेची जखम चिघळली आणि गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी तो काढला होता.

पिकअप चोपन्न सालची. वडिलांनी तरसालीला रोपवाटिका काढली, तेव्हा घेतलेली. आंब्या-चिकूची कलमं घेऊन हंबीरराव तिच्यातून चाळीस वर्षं पादरा, वाघोडिया फिरले होते. आता बडोद्याच्या रस्त्यांवर दर महिन्याला नवी गाडी दिसायची. त्यांचा मुलगा राजवर्धन तसलीच एक घेऊन देणार होता, ड्रायव्हरसकट. हंबीररावांनी नको म्हटलं होतं.

"क्लच तर सरस बसला," धनाजीराव हात पुसत म्हणाले. "ब्रेकला उजवा पाय आहेच."

हंबीररावांनी गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं.

"ब्रेकही हातावर घ्या."

धनाजीराव हात पुसायचे थांबले.

"हाही काढायचाय. सोमवारी सांगितलं डॉक्टरांनी. पुढच्या महिन्यात." ते पट्टी बांधलेल्या उजव्या पायाकडे बघत नव्हते. "इंदिराला बोललो नाही अजून. जखम भरतेय असं वाटतंय तिला. चार दिवस वाटू दे. तुम्ही तिला काही बोलू नका."

धनाजीराव आतल्या खोलीत गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली हातभर लांब सळई होती. एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला ब्रेकच्या पेडलवर बसणारा चिमटा. काळा रंगही वाळला होता.

"ही कधी केलीत?"

"शनिवारी." धनाजीरावांनी सळई त्यांच्या मांडीवर ठेवली. "वहिनी आल्या होत्या. रिक्षा करून, एकट्याच."

"इंदिरा?"

"डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं. यांना कळेल त्या दिवशी गाडी तयार पाहिजे, म्हणाल्या. मला शपथ घातली होती, भाई. मोडली मी."

हंबीरराव सळईवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी ती परत दिली. धनाजीराव पुन्हा गाडीखाली शिरले.

पाचच्या सुमाराला इंदिराबाई न्यायला आल्या. त्यांनी स्टिअरिंगखालची मूठ पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि शेजारी बसल्या. हंबीररावांनी गाडी काढली. जुन्या गाडीला ॲक्सिलरेटरची हाताची खुंटी मुळातच होती. पाय चटईवर नुसता पडून होता.

रेल्वे फाटकाशी त्यांनी मूठ दाबली. गाडी थांबली.

"लागतो ने बरोबर?" इंदिराबाईंनी विचारलं.

"लागतो."

मालगाडी लांबलचक होती. दोघं डबे जाताना पाहत राहिले.

"शनिवारी कुठे गेली होतीस?"

"दळणाला," इंदिराबाई म्हणाल्या.

त्या खाली वाकल्या. उजव्या पायाची पट्टी सैल झाली होती. ती उकलून त्या सावकाश पुन्हा बांधू लागल्या. फाटक उघडलं. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला, मग कोणी तरी गुजरातीत ओरडलं.

हंबीररावांनी ब्रेक सोडला नाही.