मी चौदाचा पंधरा झालो

मित्रांनो, मी एक जुना स्थिरांक आहे. साक्षात काळ माझ्या खांद्यावर उभा आहे. म्हणजे असं, की रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये घड्याळाची एक चिप असते, ती चालवणारा एक प्रोग्राम असतो आणि त्या प्रोग्राममधली तेविसावी ओळ मी आहे.

चिपमध्ये बारीक बारीक खण असतात. कुठल्या खणात सेकंद, कुठल्यात तारीख, हे आम्ही स्थिरांक लक्षात ठेवतो. माझा खण सर्वांत नाजूक. वीज गेल्यावर घड्याळ मध्येच बंद पडलं होतं का, याची कबुली त्यात असते. जुन्या चिपमध्ये त्याचा नंबर होता चौदा. नव्या चिपचा प्रोग्राम लिहिताना आमच्या बाईंनी मला होतो तसा उचलून आणलं. बाई हुशार, पण घाईत. फ्रीज शुक्रवारी जायचा होता, आणि तोही त्यांची आई जिथे परिचारिका होती त्याच रक्तपेढीत.

मग आमची तपासणी झाली. तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी नऊ शेरे मारले. नऊच्या नऊ आमच्या उभं राहण्याबद्दल. आकडे एकाखाली एक नाहीत.

“मास्तर, चिपला काय फरक पडतो?” बाईंनी विचारलं.

“चिपला नाही पडत. मला पडतो.”

“रक्त गार राहिल्याशी मतलब ना?”

“आधी रांग लाव. मग भांड माझ्याशी.”

बाईंनी दातओठ खात रांग लावली आणि थबकल्या. एकाखाली एक दोन चौदा उभे होते. वरचा गजराचा, खालचा मी. त्यांनी चिपची पुस्तिका उघडली. नव्या चिपमध्ये चौदाव्या खणात गजर राहायला आला होता. माझा खण पंधरावा.

मी तसाच पुढे गेलो असतो, तर कबुली गजराच्या खणात शोधली गेली असती, वीज जाऊन आल्यावर बंद पडलेल्या घड्याळाने छातीठोकपणे चुकीची वेळ सांगितली असती, आणि आईंनी ती रक्ताच्या पिशव्यांवर लिहिली असती.

स्थिरांक म्हणजे न बदलणारा. मी बदललो आणि सुखात आहे. मास्तरांनी दहावा शेरा लिहिला, ‘आता ठीक.’ आमच्यात याला सत्कार म्हणतात. तेव्हा मित्रांनो, रांगेत उभं करणाऱ्याचा राग धरू नका, आणि उचललेला आकडा मूळ पुस्तिकेशी एकदा ताडून बघा.

शुक्रवारी फ्रीज पोचला. बाई स्वतः आल्या.

“आई, याचं घड्याळ कधी खोटं बोलणार नाही.”

“बरं झालं गं,” आई म्हणाल्या. “मी भिंतीवरचंच बघते.”

ते पाच मिनिटं पुढे आहे.