सिस्टरांनी आजारी पडू नये

अंबरपेठेतल्या त्या घरात सकाळी सगळ्यात आधी पेटायची ती गॅसची शेगडी, आणि ती पेटवायची त्रिवेणी. सासूबाईंचा चहा, नवऱ्याचा डबा, अकरावीतल्या लेकीची, मेघनाची पोळी-भाजी हे उरकेपर्यंत तिच्या ड्यूटीची वेळ व्हायची. सगळ्यांचं झाल्यावर सुनेनं खायचं, असा घरचा रिवाज. तो कुणी ओरडून लादला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडायचा कसा हे तिला कधी कळलं नाही. ती उपाशीच बस पकडायची आणि मलकपेठेतल्या एका खाजगी हॉस्पिटलात, हृदयरोग्यांच्या वॉर्डात दिवसभर उभी राहायची.

घरी निघालेल्या पेशंटला समजावून सांगणं हे तिचं आवडतं काम. मीठ कमी करा, झोप पुरी घ्या, वेळेवर जेवा, गोळी चुकवू नका, छातीत जड वाटलं तर वाट बघत बसू नका. एकदा घरी निघालेल्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईनं, खालाजाननं, तिचा हात धरून विचारलं, "बेटा, तुम बी करते क्या ये सब?" त्रिवेणी हसली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

ती यातलं काहीच करत नव्हती. तिचे वडील पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेले होते. स्वतःचं बीपी वाढलंय हेही तिला वर्षभरापासून ठाऊक होतं. गोळ्या आणल्या होत्या, पण डबल ड्यूटी लागली की त्या घरीच राहायच्या. जेवण म्हणजे उभ्याउभ्या दोन उस्मानिया बिस्किटं आणि गोड चहा. जिना चढताना धाप लागायची, तिला ती जागरणाची वाटायची. किशोरला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला की तू स्वतः सिस्टर, तुला मी काय सांगणार. सासूबाईंनी, सावित्रीबाईंनी, हे बाहेर बोलू नको म्हणून बजावलं. नर्सच आजारी म्हटल्यावर लोक हसतील. हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुख्य भाग्यलक्ष्मी मॅडमकडे गेली, तर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, वॉर्डात माणसं कमी आहेत, हा महिना अ‍ॅडजस्ट कर म्हणाल्या. तो महिना संपतच नव्हता.

पितृपंधरवड्यात सासऱ्यांचं, नामदेवरावांचं श्राद्ध आलं. तिनं रजा घेतली होती. तरी आदल्या संध्याकाळी दुसरी सिस्टर आली नाही, म्हणून तिलाच थांबवून घेतलं. सकाळी ती घरी पोचली, अंघोळ केली आणि ओलेत्यानं स्वयंपाकाला लागली. पानं उठेपर्यंत स्वयंपाक करणारीनं तोंडात काही घालायचं नसतं. खीर झाली, कढी झाली. वडे तळताना डावा जबडा दुखू लागला. मग दुखणं हातात उतरलं आणि कपाळावर गार घाम आला. वॉर्डात तिनं हे कितीदा पाहिलं होतं. ती ओट्याला टेकून खाली बसली.

"मला अटॅक आलाय. हॉस्पिटलला न्या," ती म्हणाली.

सावित्रीबाई दारात आल्या. "पित्त उसळलं असंल, जागरणानं. जरा बैस, बरं वाटंल."

सोवळ्यातला किशोर त्यांच्या मागे उभा होता. "गुरुजी बसायलेत. पानं तेवढी वाढून होऊ दे, लगेच निघू."

त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. तो खरोखरच काळजीत होता, फक्त त्याची नजर कढईकडे होती. त्याच क्षणी त्रिवेणीच्या मनात संताप उसळला. वॉर्डात असा पेशंट असता आणि असे नातेवाईक असते, तर तिनं त्यांना फैलावर घेतलं असतं. तिनं हात वर करून गॅस बंद केला.

"मी आत्ता निघालेय. मेघना, ऑटो बघ."

"पान टाकून जाऊ नको गं," सावित्रीबाईंचा आवाज कापत होता. "पितर उपाशी जातील."

"मीही उपाशीच आहे, आई."

ओल्या साडीवर मेघनाची ओढणी पांघरून ती ऑटोत बसली. लेकीनं तिला पुरा रस्ता घट्ट धरून ठेवलं. किशोर पानं उठल्यावर तिच्याच हॉस्पिटलात आला. तोवर स्टेंट बसला होता. तिच्या वॉर्डाच्या डॉक्टर अरविंदांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की जीव वाचलाय, पण हृदयाचा काही भाग निकामी झालाय, तो परत येणार नाही. किशोर खाटेच्या पायथ्याशी बसून रडला. तिला त्याची दया आली, पण तू माझं ऐकलं का नाहीस, हा प्रश्न तिनं विचारलाच. डॉक्टरही रागावले होते. रोज पेशंटना सांगता, मग स्वतः का नाही तपासलंत, म्हणाले. त्रिवेणीला म्हणायचं होतं, तपासायला मला ड्यूटीवरून सोडलं कुणी?

तिला आयसीयूतून वॉर्डात हलवलं तेव्हा भाग्यलक्ष्मी मॅडम मोसंबी घेऊन आल्या. त्यांनी मनापासून चौकशी केली. मग हळूच म्हणाल्या, "कधी जॉईन होशील? नक्की सांगितलं तर मला ड्यूट्या लावता येतील."

त्रिवेणी त्यांच्याकडे बघत राहिली. सुजलेले पाय, डोळ्यांखाली काळं, जिना चढून आल्यामुळे लागलेली धाप.

"मॅडम, बसा. तुम्ही शेवटचं बीपी कधी बघितलं?"

मॅडम हसून उठू लागल्या. त्रिवेणीनं शेजारी उभ्या असलेल्या रजनी सिस्टरला खूण केली. रजनीनं पट्टा बांधला, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं आणि आकडा मॅडमपुढे धरला.

"मशीन बिघडलं असंल," मॅडम पट्टा सोडवत म्हणाल्या. "माझा राउंड राहिलाय."

त्रिवेणीनं त्यांचं मनगट धरलं. "हेच मशीन आपण पेशंटला लावतो. डॉक्टर येईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही. आणि मी परत येईन तेव्हा डबल ड्यूटी करणार नाही. वॉर्डातल्या या पोरींनाही करू देणार नाही."

मॅडमच्या हातातला फोन वाजू लागला. कुठल्यातरी वॉर्डाला आत्ताच्या आत्ता एक सिस्टर हवी होती. फोन वाजत राहिला. त्रिवेणीनं मनगट सोडलं नाही.