पूर्ण सहा, अर्धे दोन

लेंडी नाल्यात मासा दिसला, तर त्याच नाल्याचं पेलाभर पाणी गावासमोर पिईन, असं कडूबाने ग्रामसभेत माइकवरून जाहीर केलं होतं. तेव्हा नाल्यात पिशव्या, एक मोडकी खाट आणि अख्ख्या गावाचं सांडपाणी होतं. टाळ्या पडल्या.

शकूरभाई मात्र पेटला. मेहकर डेपोत एकवीस वर्षं एकाच एसटीवर हा ड्रायव्हर आणि कडूबा कंडक्टर. दर रविवारी शकूरभाईने वीस माणसं नाल्यात उतरवली. खाट निघाली, गाळ निघाला, सांडपाण्याला शोषखड्डे झाले. मग नोंदवही ठेवायला माणूस हवा म्हणून सर्वानुमते कडूबाच निवडला गेला. ज्याच्या वेबिलात, तिकिटांच्या हिशेबात, जन्मात एक प्रवासी कमी-जास्त झाला नाही, तो मासे काय लपवणार!

कडूबा रोज सकाळी पुलाखाली जाई, पाण्याची पातळी लिही, रंग लिही, वास लिही आणि 'मासे' या रकान्यात 'निरंक' लिहून आनंदाने घरी चहाला येई.

मंगळवारी पाण्यात काहीतरी चमकलं. कडूबाने ताबडतोब आभाळाकडे पाहिलं. आभाळ ठीक होतं. 'निरंक.'

बुधवारी चमकणारे पाच होते. 'निरंक.' पण चहा पुढ्यात तसाच निवला.

"काऊन असं तोंड करून बसले?" त्याच्या बायकोने, मंजुळाबाईने विचारलं.

"गाडीत बिनतिकीट लोक बसले अन् कंडक्टर खिडकीबाहेर पाहून राह्यला, त्याले काय करावं?"

"सस्पेंड," मंजुळाबाई म्हणाली आणि भाकरी उलटवली.

गुरुवारी कडूबाने मागचे दोन्ही 'निरंक' खोडले, शेजारी सह्या केल्या आणि नीट मोजून लिहिलं : 'मासे – पूर्ण सहा, अर्धे दोन.'

"अर्धा मासा कसा असते बे?" शकूरभाईने वही डोळ्यांजवळ नेली.

"पिल्लं हायेत. बारा वर्षांच्या आतले."

रविवारी पुलावर गाव जमलं. शकूरभाईने पेला आणला खरा, पण आता त्याचाच जीव वरखाली होऊ लागला.

"राहू दे कंडक्टर, पोट बिघडन."

"माइकवर बोललो, शकूरभाई."

तेवढ्यात मंजुळाबाई पातेलं घेऊन आली. वाफ निघत होती.

"पाणी लेंडीचंच हाये. सकाळपासून तीन डाव उकळलं. मंग साखर-पत्ती टाकली, अद्रक टाकलं."

"हा तं चहा झाला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"कच्चं पितो म्हणले होते काय हे?" मंजुळाबाईने विचारलं.

गावाने आठवून पाहिलं. नव्हतं म्हटलेलं.

कडूबाने पेला रिकामा केला.

"साखर कमी हाये," तो म्हणाला.

शकूरभाईने तोच पेला घेऊन पुन्हा पुढे केला.

"फुल का हाफ?" कडूबाने विचारलं.

"फुल दे. स्टेअरिंगवर मीच होतो."

पातेलं संपल्यावर कडूबा पुलाखाली उतरला. पूर्ण सहा होते, अर्धे आता तीन झाले होते. ते लिहून शेऱ्याच्या रकान्यात त्याने टाकलं : 'अजून जागा आहे.'